टर्बो गाडी घाटातच का अडखळते?

बऱ्याच जणांनी विचारलं होतं की टर्बो पेट्रोल गाडी चढावर झटके खाते, मागून फटाके फोडते, आणि गॅरेजमध्ये नेली की शहाण्या मुलासारखी चालते, असं का? आज त्यावरच बोलू. डिझेलवाल्यांनी आजच्यापुरतं बाजूला बसावं. तुमच्या इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो, त्यामुळे तुमची दुखणी वेगळी.

माझा पुतण्या इंदूरला असतो. एक लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन असलेली त्याची गाडी. ओंकारेश्वरहून परत येताना भेरूघाटात गाडी हिसके द्यायला लागली. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकू लागला, सायलेन्सरमधून फट्-फट् आवाज, मागे ट्रकची रांग, गाडीत म्हातारी आई आणि दोन मुलं. कसाबसा घर गाठला. मग एका वर्कशॉपने इंजेक्टर साफ केले, पेट्रोलचा पंप बदलला, अठरा हजारांचं बिल दिलं. दोष तसाच. दुसऱ्या खेपेला त्यांनी टर्बोच बदलायचा सांगितला. तेव्हा त्याचा फोन आला, "काका, हे लोक म्हणून राहिले की टर्बो गेला. सत्तर-ऐंशी हजार होतील. काय करू?" मी म्हटलं, एक पैसाही देऊ नकोस, मी बडोद्याहून येतो.

आधी इंजिनात काय होतं ते पाहू. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा गेली, पण ती पेटलीच नाही किंवा अर्धवट पेटली, तर त्याला मिसफायर म्हणायचं. आपले मिस्त्री म्हणतात 'गाडी मिस मारते'. ते न जळलेलं पेट्रोल आणि प्राणवायू तसाच तापलेल्या एक्झॉस्टमध्ये जातो आणि तिथे पेटतो. तोच फटाका. म्हणजे मागून येणारा आवाज हा बहुतेक वेळा वेगळा रोग नसतो, मिसफायरचाच धूर-आवाज असतो. आवाज पुढून, हवेच्या नळीतून आला तर मात्र गोष्ट निराळी: मिश्रण फार पातळ होऊन हळूहळू जळतंय आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडला तरी जळतच आहे, किंवा टायमिंग चेन सरकली आहे. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, आवाज पुढून की मागून?

आणि तो दिवा. स्थिर पेटलेला असेल तर गाडी सावकाश घरी नेता येते. लुकलुकत असेल तर पाय लगेच हलका करा, सुरक्षित जागा बघून थांबा. कारण ते कच्चं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि आतली जाळी वितळू शकते. मिसफायरची दुरुस्ती काही हजारांत होते, कन्व्हर्टरची होत नाही.

आता मुख्य मुद्दा, घाटातच का? गाडी जागेवर सुरू असते तेव्हा इनटेकमध्ये साधारण ३० ते ४० किलोपास्कल दाब असतो. बाहेरची हवा समुद्रसपाटीला सुमारे १००. घाटात तुम्ही पाय दाबलात की टर्बो हवा कोंबतो आणि हा आकडा २०० च्या आसपास, काही गाड्यांत त्याहून वर जातो. म्हणजे सिलिंडरमध्ये पाच-सहा पट दाट हवा. दाट हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. थकलेली कॉईल जागेवर ठिणगी देते, सपाट रस्त्यावर देते, आणि बूस्ट आला की हात टेकते. म्हणून गॅरेजच्या दारात उभ्या गाडीत दोष सापडत नाही. आमच्या ईएमईमध्ये वस्ताद सांगायचे, गाडीला जिथे दुखतं तिथेच तपासा. अंगणात पळवून घाटाचं दुखणं कळत नाही.

मी गेलो तो खिशात एक ब्लूटूथ स्कॅनर घेऊन. हे यंत्र हजार-दीड हजारात मिळतं, मोबाईलला जोडायचं. कोड निघाला पी ०३०२. शेवटचा आकडा सिलिंडरचा: दोन नंबर मिस मारतोय. पी ०३०० आला असता तर दोष एका सिलिंडरचा नाही, सगळ्यांच्या सामाईक गोष्टीचा: पेट्रोलचा दाब, हवेची गळती, खराब पेट्रोल. एकाच सिलिंडरचा कोड असताना पंप बदलणं म्हणजे एका खोलीतला दिवा गेला म्हणून अख्ख्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर बदलणं!

मग अदलाबदलीची चाचणी. हिला काही खर्च नाही. इंजिन थंड करून दोन नंबरची कॉईल तीनवर लावली, तीनची दोनवर. कोड पुसला, पुतण्याला गाडी चालवायला लावली आणि मी बाजूला मोबाईल धरून बसलो. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबताच झटका. कोड आला पी ०३०३. दोष कॉईलबरोबर सरकला, म्हणजे कॉईल गुन्हेगार. सरकला नसता तर हीच गंमत प्लगची केली असती, मग इंजेक्टरची, आणि शेवटी कॉम्प्रेशन मोजलं असतं. तिथे आकडा किती यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरातला फरक बघायचा.

एक सावधगिरी. जुने मिस्त्री चालू इंजिनात एकेक प्लगची वायर उपटून बघायचे. आजच्या गाडीत ते करू नका. जोरदार शॉक बसतो, आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं ते वेगळंच.

कॉईल नवी घातली आणि विषय संपला, असं मला वाटलं नाही. सहा वर्षांची गाडी, कॉईल इतक्या लवकर का जावी? तिन्ही प्लग काढले. फिलर गेजने गॅप मोजली तर १.१ मिलिमीटर. टर्बो इंजिनात ती साधारण ०.७ ते ०.८ असते. वर्षभरापूर्वीच्या सर्व्हिसमध्ये कोणीतरी त्याच कंपनीच्या बिनटर्बो इंजिनाचे प्लग बसवले होते. चुडी तीच, लांबी तीच, बसले छान. पण गॅप रुंद, म्हणून प्रत्येक ठिणगीला कॉईलला जास्त जोर लावावा लागला, आणि तिघींतली एक आधी दमली. नुसती कॉईल बदलली असती तर वर्षभरात दुसरीही गेली असती. प्लगवरचा नंबर गाडीच्या पुस्तकाशी ताडून पाहा, दुकानदाराच्या 'चालतो हो' वर जाऊ नका.

आता सांगतो त्या वर्कशॉपची फसगत कशाने झाली असावी. त्यांच्या कागदावर 'मिश्रण पातळ' असाही शेरा होता. मिसफायर झाला की न वापरलेला प्राणवायू एक्झॉस्टमध्ये जातो. तिथला ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, प्राणवायू मोजतो. त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि संगणक उलट आणखी पेट्रोल ओततो. त्या शेऱ्यावर विश्वास ठेवून पंप बदलला गेला. लबाडी होती असं मी म्हणणार नाही. आधी मिसफायर सोडवायचा, मग पातळ-जाडचा विचार, हा क्रम चुकला.

टर्बो तपासला नाही असं नाही. टर्बोपासून थ्रॉटलपर्यंतच्या रबरी नळ्या हाताने चाचपल्या, जोडाजवळ तेलाचा ओला डाग आहे का बघितलं. पाय दाबल्यावर फुस्स आवाज येत असेल तर तिथे हवा गळते. ज्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असतो, तिथे मोजलेली हवा बाहेर पळते, पेट्रोल जास्त होतं, काळा धूर आणि मागून फटाके. ज्या गाडीत फक्त इनटेकचा दाब मोजतात तिथे मुख्यतः ओढ कमी होते. लेहला, ३,५०० मीटरवर, हवेचा दाब जेमतेम दोन तृतीयांश राहतो. तिथे टर्बोला आधीच जास्त फिरावं लागतं, म्हणून खाली न जाणवणारी चीर वर जाणवते. आमच्या गाड्यांच्या क्लिपा वर जाण्याआधी एकेक करून आवळल्या जायच्या, त्याचं कारण हेच.

काही पोरं मुद्दाम संगणक बदलून असे फटाके फोडवून घेतात, त्याला पैसेही मोजतात. टर्बोच्या पंख्यावर आणि कन्व्हर्टरवर काय गुजरते ते वर सांगितलंच आहे.

तर, तीन योग्य प्लग आणि एक कॉईल, मजुरी माझी फुकट, खर्च पाच हजारांच्या आत. प्लग थंड इंजिनात, हाताने चुडी धरवून, मग टॉर्क पान्याने आवळले. दुसऱ्या दिवशी भेरूघाटात तिसऱ्या गिअरला दाब १९० पर्यंत गेला, मिसफायरचा काउंटर शून्यावर. वहिनी मागे बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "भाऊजी, आता ओंकारेश्वरला परत जायचं का?" गेलो.

पुढच्या भागात डिझेलवाल्यांचा काळा धूर घेऊ. जय हिंद.