जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके काळ्या-पिवळ्या रंगाची एक लहानशी टॅक्सी धावत होती. गोल दिवे, टपावर सामानासाठी लोखंडी कठडा आणि चालकाच्या हाताशी, सुकाणूच्या खालीच बसवलेली गिअरची दांडी, ही तिची ओळख. तिचे नाव प्रीमियर पद्मिनी. मूळची ती इटलीची. तेथील फियाट कंपनीच्या ‘११००’ या गाडीची ही भारतीय आवृत्ती होय. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून ती तयार होऊ लागली आणि १९७४ साली तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. टॅक्सीसाठी ठरवून दिलेली वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून निवृत्त झाली.

टॅक्सीच्या धंद्यातून ती गेली. परंतु अनेक घरांच्या अंगणात आजोबांनी घेतलेली पद्मिनी अजून उभी असते. तिचे इंजिन थकले, की घरात दोन पक्ष पडतात. आहे तेच इंजिन नीट करून घ्यावे, असे थोरांचे म्हणणे असते. नव्या दमाचे इंजिन बसवून गाडी पळती करावी, असे तरुणांना वाटते. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र त्यांचा निवाडा करण्यापूर्वी त्या लोखंडी पेटीत काय चालते, हे समजून घेतले पाहिजे. जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करणारा जाणता गवंडी आधी पाया तपासतो. कळसाचा विचार मागाहून करतो.

इंजिनाच्या ओतीव लोखंडी ठोकळ्यात चार गोल, गुळगुळीत विहिरी कोरलेल्या असतात. त्यांना सिलिंडर म्हणतात. सायकलच्या पंपातील दट्ट्याप्रमाणे प्रत्येक सिलिंडरात एक पिस्टन वरखाली होत असतो. तो खाली जाताना पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. वर येताना ते दाबले जाते. मग ठिणगी पडून ते पेटते व तापलेल्या वायूंच्या दाबाने पिस्टन जोराने खाली रेटला जातो. पुन्हा वर येताना तो जळका धूर बाहेर घालवतो. अशा चार खेपांत बळ मिळते ते एकाच खेपेस. पद्मिनीच्या सिलिंडराचा व्यास ६८ मिलिमीटर व पिस्टनची चाल ७५ मिलिमीटर असते. चारही सिलिंडर मिळून १०८९ घनसेंटिमीटर जागा होते आणि तीतून सुमारे ४० अश्वशक्ती एवढे बळ निर्माण होते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला २५ वेळा, म्हणजे चौघांत मिळून १०० वेळा ठिणगी पडते. चाळीस-पन्नास वर्षे हे काम केलेल्या यंत्राची झीज झाली नसती तरच नवल!

ही झीज बाहेरून ओळखता येते. धूर निळसर असेल, तर ऑइल सिलिंडरात शिरून जळत आहे असे समजावे. काळा धूर हे पेट्रोल वाजवीपेक्षा जास्त जात असल्याचे लक्षण होय. इंजिन चांगले तापल्यावरही दाट पांढरी वाफ येत राहिली, तर थंडाव्यासाठी फिरवलेले पाणी कोठून तरी आत झिरपत असते. निष्णात मिस्त्री एवढ्यावर थांबत नाही. तो प्रत्येक सिलिंडराचा ठिणगीचा प्लग काढून त्या छिद्राला दाब मोजण्याचे साधन लावतो व इंजिन फिरवून आकडा पाहतो. चारही आकडे जवळपास सारखे असले पाहिजेत. एखादा फारच कमी भरला, तर तो त्या छिद्रातून चमचाभर ऑइल आत सोडतो आणि पुन्हा मोजतो. आकडा वाढला, तर दोष पिस्टनभोवतीच्या कड्यांचा, म्हणजे रिंगांचा, किंवा सिलिंडराच्या भिंतीचा. कारण ऑइलाने तेथील फट तेवढ्यापुरती बुजवली. आकडा वाढला नाही, तर दोष बहुधा झडपांचा. चमचाभर ऑइलात रोगाचे निदान करणारी ही युक्ती मला फार आवडते. कित्येक इंजिने उगाचच पूर्ण उतरवली जातात, ती अशी साधी परीक्षा न केल्यामुळे.

इंजिन उघडावेच लागले, तर त्यापुढील सारे काम मोजमापाचे आहे. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. वरच्या टोकाशी, जेथे रिंग क्षणभर थांबून उलट फिरते आणि ऑइल कमी पोहोचते, तेथे झीज सर्वांत अधिक होते. शिवाय पिस्टनचा रेटा एका बाजूस जास्त असल्यामुळे गोल विहीर हळूहळू लंबगोल होते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या सात-आठ पट असते. येथे तर त्याहून बारीक फरकाचा हिशेब असतो. म्हणून सूक्ष्ममापकाने वर, मध्ये व खाली, दोन्ही दिशांनी मापे घेऊन ती लिहून ठेवतात.

झीज मर्यादेपलीकडे गेली असेल, तर सिलिंडर यंत्रावर कोरून किंचित मोठा करावा लागतो. कारागीर यास ‘बोअर करणे’ म्हणतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा अशाच एखाद्या औद्योगिक वसाहतीत हे काम करणारे कुशल लोक आढळतात. समजा, व्यास ०.४ मिलिमीटरने वाढवला. मग तेवढाच मोठा पिस्टन व नव्या रिंगा घालाव्या लागतात. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बोअर केल्याने गाडीचे बळ पुष्कळ वाढते, असे बरेच जण मानतात. हिशेब करून पाहा: ६८.४ मिलिमीटर व्यासाने एकूण जागा सुमारे ११०२ घनसेंटिमीटर होते. म्हणजे वाढ अवघी १३ घनसेंटिमीटरांची. गाडी पूर्वीपेक्षा जोरात धावू लागते ती या तेरामुळे नव्हे. निसटून जाणारा दाब पुन्हा कामी येतो म्हणून.

पिस्टनची वरखाली गती गोल गतीत बदलणारा दांडा म्हणजे क्रँक. तोही झिजलेला असल्यास घासून गुळगुळीत करतात व त्याच्या मापाची नवी बेअरिंगे बसवतात. वरचे झाकण, ज्याला ‘हेड’ म्हणतात, ते ॲल्युमिनियमचे असल्यामुळे इंजिन फार तापले की वाकते. ते सपाट करून घ्यावे लागते. ते पुन्हा बसवताना नट मध्यापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूस, ठराविक जोर मोजूनच आवळतात. मनाला येईल तसे आवळले, तर नवे गॅस्केट पहिल्याच घाटात फुटावयाचे.

झडपांच्या बाबतीत मात्र जुने ते जसेच्या तसे ठेवून चालत नाही. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळलेले असे. त्याचा पातळ थर झडप व तिची बैठक यांच्यामध्ये बसून मऊ गादीचे काम करी. शिसे आरोग्यास घातक असल्यामुळे आपल्या देशात २००० साली तसले पेट्रोल बंद झाले, हे योग्यच झाले. परंतु जुन्या इंजिनांच्या बैठका त्यामुळे लवकर खचू लागल्या. इंजिन उघडलेच आहे, तर कठीण धातूच्या बैठका बसवून घेणे शहाणपणाचे. तसेच २०२५ साली पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. जुन्या नळ्यांचे व पेट्रोलपंपातील पडद्याचे रबर इथेनॉलने फुगते किंवा तडकते, तेही बदलावे. ठिणगीची वेळ ठरवणारे जुने पॉइंट काढून त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक साधन बसवणे, ही आणखी एक निर्धोक सुधारणा. जुने भाग डब्यात जपून ठेवले, तर वाटेल तेव्हा गाडी पूर्वस्थितीत आणता येते.

आता गिअरबॉक्सकडे वळू. लहान दंतचक्राने मोठे दंतचक्र फिरवले, तर वेग कमी होतो व रेटा वाढतो. खंबाटकीच्या घाटात चढताना चालक खालचा गिअर घालतो तो यासाठीच. पद्मिनीला पुढे जाण्याचे चार गिअर आहेत. वरच्या तिघांत दोन चक्रांचा वेग जुळवून देणारी घर्षणकडी असते; पहिल्यात ती नसते. म्हणून गाडी पुरती थांबल्याशिवाय पहिला गिअर घालू गेल्यास ‘कर्र’ असा आवाज होऊन दाते खातात. जुने टॅक्सीचालक क्लच दोनदा दाबून आणि मध्ये इंजिनाला किंचित गती देऊन चक्रांचे वेग स्वतःच जुळवीत. ते एक कौशल्यच होते. गिअर आपोआप निसटू लागला, वरच्या गिअरलाही कर्कश आवाज येऊ लागला किंवा चालताना सतत घरघर ऐकू आली, तर पेटी उघडावी. परंतु त्याआधी सुकाणूखालच्या दांडीपासून पेटीपर्यंत जाणारे सांधे हलवून पाहावेत. पुष्कळदा त्यांतील लहानसे बुश झिजलेले असतात आणि बोल मात्र निष्पाप गिअरबॉक्सला लागतो.

याउपर ज्यांना अधिक बळ हवे असते, ते दुसरे इंजिन बसवतात. याच कंपनीच्या ११८ एनई या गाडीत निसानच्या आराखड्याचे ११७१ घनसेंटिमीटरचे इंजिन असे. ते त्याच्या गिअरबॉक्ससह पद्मिनीत बसवावे, असे काही हौशी मालकांना वाटते. हे काम दिसते तितके सरळ नाही. इंजिन पेलणारे आधार नव्याने करावे लागतात. गिअरबॉक्सची लांबी बदलली, की मागील चाकांकडे बळ नेणारा लांब दांडा कापून जोडावा लागतो व त्याचा तोल साधावा लागतो. तो साधला नाही, तर सारी गाडी थरथरते. मग ब्रेकचा प्रश्न येतो. ताशी ६० किलोमीटरऐवजी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबवताना ब्रेकला जवळजवळ पावणेदोनपट उष्णता सोसावी लागते, कारण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चाळीस अश्वशक्तीसाठी योजलेल्या ब्रेकवर हा भार टाकून मुलाबाळांना घेऊन घाटात उतरणे मला तरी धोक्याचे वाटते. इंजिनाला बळ द्यावयाचे, तर ब्रेक आधी सुधारले पाहिजेत.

कायद्याची बाजूही आहे. इंजिनाचा क्रमांक नोंदणीपत्रावर लिहिलेला असतो. म्हणून ते बदलावयाचे तर परिवहन कार्यालयाची रीतसर परवानगी व नोंद लागते. शिवाय २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. मूळ रूपात राखलेल्या, मोठे फेरफार न झालेल्या गाडीलाच हा मान मिळतो. १९७४ ची पद्मिनी आता या वयाला पोहोचली आहे. एकदा तिचे मूळ इंजिन भंगारात गेले, तर पुढे पैसे मोजूनही ते परत मिळणे कठीण. म्हणून माझे मत विचाराल, तर मी घरातील थोरांच्या पक्षाचा. तरुणांचा हट्टच असेल, तर निदान जुने इंजिन ऑइल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवावे.

दुरुस्त झालेले इंजिन सुरू झाले, तरी काम संपत नाही. नव्या रिंगा व नुकतीच कोरलेली भिंत यांवर सूक्ष्म खडबडीतपणा असतो. तो एकमेकांवर घासून जुळावा लागतो. पहिले हजारभर किलोमीटर गाडी भरधाव हाकू नये, तिच्यावर जड ओझे लादू नये आणि एकाच वेगाने फार वेळही चालवू नये. सुमारे पाचशे किलोमीटरनंतर पहिले ऑइल काढून टाकतात. मिस्त्री ते पांढऱ्या थाळीत ओततो व उन्हात धरून पाहतो. धातूची बारीक चमक दिसली, तर ती नव्या भागांच्या जुळणीची. कण बोटाला टोचतील एवढे मोठे असले, तर इंजिन पुन्हा उघडावे लागते. थाळी स्वच्छ निघाली, की हेडचे नट पुन्हा एकदा मापाने आवळून, नवे ऑइल भरून तो गाडीची किल्ली मालकाच्या हाती देतो.