टीव्हीवरचा रोहित एवढा गुलाबी का दिसतो?

मार्चमध्ये आमचा अकरा वर्षांचा टीव्ही गेला. आवाज यायचा, चित्र नाही. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडलं आणि पॅनल गेल्याचं सांगितलं. नवं पॅनल टाकायचं तर नव्या टीव्हीएवढाच खर्च. म्हणून आई आणि मी परळच्या बाजूच्या एका दुकानात गेलो. भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच व्हिडिओ चाललेला: पाण्यात उभे असलेले रोहित पक्षी. आई क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "हे आपले नव्हेत गं. आपले असे रंगवल्यासारखे कुठे दिसतात?"

आम्ही शिवडीचे. जेट्टीसमोरच्या चिखलात तीसेक वर्षं रोहित येताहेत, आणि आईने ते दर हिवाळ्यात पाहिलेत. त्यांच्यात दोन जाती. मोठा रोहित लांबून जवळजवळ पांढराच वाटतो. त्याने पंख उघडला की आतला किरमिजी आणि कडेचा काळा रंग दिसतो. लहान रोहित अंगाने जास्त गुलाबी, चोच काळपट लाल. हा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातल्या शेवाळातून येतो. पिल्लं राखाडी असतात आणि हळूहळू रंगतात. म्हणून एका थव्यातही दहा छटा दिसतात. दुकानातल्या टीव्हीवर सगळ्या पक्ष्यांचा एकच रंग होता, लग्नातल्या सरबतासारखा.

दुकानातला मुलगा त्याचंच कौतुक करत होता. "ताई, कलर बघा ना, कसला कडक आहे!" टीव्ही घेताना सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच: जेवढा भडक तेवढा चांगला. दुकानातले टीव्ही 'स्टोअर मोड'वर असतात. प्रकाश पूर्ण चढवलेला, रंग ताणलेले, पांढऱ्यात निळं मिसळलेलं. लख्ख दिव्यांखाली दहा टीव्ही शेजारी लावले की डोळा सर्वांत उजळ आणि निळसर चित्राकडेच ओढला जातो. तोच टीव्ही तसाच घरी लावला, तर बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा शेंदूर फासल्यासारखा दिसतो.

नव्या टीव्हीत हे जुन्यापेक्षा जास्त का होतं? टीव्हीकडे येणाऱ्या सिग्नलमध्ये रंग नसतो, आकडे असतात. लाल इतका, हिरवा इतका, निळा इतका. त्या आकड्याचा रंग नेमका कोणता हे मानकाने ठरतं. एचडी प्रक्षेपणाचं मानक १९९० सालचं, त्याला रेक ७०९ म्हणतात. मालिका, बातम्या, क्रिकेट सगळं त्याच मापात येतं. सिनेमाचं पी३ हे माप त्याहून मोठं, आणि २०१२ सालचं रेक २०२० आणखी मोठं. आजची चांगली पॅनल मोठ्या मापातले बरेच रंग दाखवू शकतात. पण टीव्हीने लहान मापातले आकडे मोठ्या मापात ओतले की बिघडतं. पाककृतीत दोन चमचे तिखट लिहिलंय आणि तुम्ही चमच्याऐवजी डाव घेतलात, असं समजा. पाककृती बरोबर असते, पण भाजी तोंडात घेववत नाही.

"जुन्या टीव्हीचे रंग खरे वाटायचे" असं म्हणणारे म्हणूनच चूक नाहीत. पिक्चर ट्यूबमधल्या फॉस्फरच्या ठिपक्यांचा आवाका आणि रेक ७०९ चा आवाका जवळजवळ सारखा होता, कारण मानक बांधलं गेलं तेच त्या ट्यूब डोळ्यांपुढे ठेवून. ताणायला जागाच नव्हती. तरी आठवणींवर सगळा भरवसा नको. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं ते कृष्णधवल. देशात रंगीत प्रक्षेपण आलं १९८२ मध्ये, १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून आणि मग नोव्हेंबरात एशियाडचं. रंगीत संच घेतल्याचं समाधान व्हावं म्हणून कित्येक घरांत रंगाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं असायचं. आमच्याही.

आता पांढऱ्याबद्दल. शुभ्र कपडे अधिक शुभ्र दिसावेत म्हणून आपण नीळ घालतो. टीव्ही कंपन्या तेच करतात. मेनूत 'कलर टेम्परेचर' असतं आणि त्यात 'कूल', 'स्टँडर्ड', 'वॉर्म' असे पर्याय. 'कूल'मधला पांढरा बऱ्याचदा ९,००० केल्विनच्याही वर जातो, म्हणजे नीळ घातलेला. रेक ७०९ ला हवा असलेला पांढरा साधारण ६,५०० केल्विनचा, दिवसाच्या उजेडासारखा. बहुतेक टीव्हींत तो 'वॉर्म' किंवा 'वॉर्म २'वर मिळतो. तो लावला की घरातले ओरडतात, "पिवळं झालं!" तेव्हा घरातल्या एलईडी ट्यूबचा खोका शोधा. आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या ट्यूबवर 'कूल डेलाइट, ६५००' असं छापलेलं असतं. टीव्हीच्या भाषेत 'वॉर्म' म्हणजे ट्यूबच्या भाषेत 'कूल डेलाइट'. पांढरा एकच, नावं उलटी. त्या ट्यूबखाली कोरा कागद टीव्हीच्या कडेला धरा, 'वॉर्म'मधला पांढरा कागदाच्या जवळ जातो आणि 'कूल'मधला निळा पडतो. डोळ्यांना सवय व्हायला दोन-चार दिवस लागतात. आईला तीन लागले. चौथ्या दिवशी मी मुद्दाम परत 'कूल' लावून दाखवलं, तर ती म्हणाली, "हे काय, सगळ्यांना थंडी वाजल्यासारखी!"

दुकानात ऐकू येणाऱ्या बाकीच्या शब्दांपैकी फोरकेचा रंगाशी थेट संबंध नाही. फोरके म्हणजे आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपके. चुकीचा गुलाबी ८३ लाख ठिपक्यांतही चुकीचाच राहतो. जाहिरातीतले 'शंभर कोटी रंग' म्हणजे १० बिटचं पॅनल: प्रत्येक मूळ रंगाच्या १,०२४ पायऱ्या, गुणाकार सुमारे १०७ कोटी. ८ बिटमध्ये २५६ पायऱ्या, मिळून १.६७ कोटी. पायऱ्या जास्त असल्या की संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसत नाहीत, हा खरा फायदा. पण जिना कुठे जातो, हे पायऱ्यांच्या संख्येवरून ठरत नाही. आणि महागड्या एचडीएमआय केबलने रंग सुधारत नाहीत. सिग्नल डिजिटल असतो, साधी धड केबल पुरते.

क्यूएलईडी आणि ओएलईडी यांत एकाच अक्षराचा फरक म्हणून लोक त्यांना भावंडं समजतात. क्यूएलईडी म्हणजे मागून दिवा लावलेलं एलसीडीच, फक्त निळ्या दिव्यासमोर अतिसूक्ष्म कणांचा थर असतो आणि तो शुद्ध लाल-हिरवा प्रकाश देतो. या क्वांटम डॉटच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा खरा काळा दिसतो. दोन्हींत रंग अचूक येऊ शकतात, दोन्हींत बिघडूही शकतात.

आपल्या भागातल्या घरांना याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. टीव्ही कपाटावर किंवा भिंतीवर उंच, माणसं जमिनीवर, निम्मी बाजूला. कोनातून पाहिलं की व्हीए प्रकारच्या एलसीडीचे रंग फिके पडतात, माणूस धुतल्यासारखा दिसतो. आयपीएस या दुसऱ्या प्रकारचं पॅनल कोनातूनही रंग बऱ्यापैकी टिकवतं, मात्र अंधारात त्याचा काळा राखाडी वाटतो. ओएलईडीत दोन्ही मिळतं, पण पैसे जास्त मोजावे लागतात. माझं मत स्पष्ट आहे: लहान खोलीत, दाटीने बसणाऱ्या घरात क्यूएलईडीच्या बिल्ल्यापेक्षा आयपीएस पॅनल जास्त उपयोगी. दुकानात टीव्हीसमोर उभं राहू नका, घरी बसता तसे खाली आणि बाजूला बसून बघा. आई खरोखरच बसली.

दुसऱ्या खेपेला आम्ही तयारीने गेलो. लालबागच्या मिरची गल्लीतून बेडगी आणि संकेश्वरी मिरच्या कागदात बांधून घेतल्या, त्यांचा फोटो काढून पेन ड्राइव्हवर टाकला. बेडगी काळपट लाल, सुरकुतलेली, संकेश्वरी तिच्यापेक्षा उजळ. 'व्हिव्हिड' मोडवर दोन्ही ढीग एकाच लाल रंगाचे दिसले, सुरकुत्या बुजल्या. मग रिमोट मागून घेतला. स्टोअर मोड काढून होम केला, पिक्चर मोड 'फिल्ममेकर' लावला (ज्यात तो नाही त्यात 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' असतो), कलर टेम्परेचर 'वॉर्म', कॉन्ट्रास्ट आणि रंग आपोआप वाढवणाऱ्या सोयी बंद, शार्पनेस खाली. काही टीव्हींत 'नॅचरल' नावाचाही मोड असतो, पण नावावर जाऊ नका. आईने पुडी उघडून मिरची पडद्याशेजारी धरली. चार टीव्हींपैकी दोनांवर बेडगी बेडगीसारखी दिसली. त्यातला एक तिथल्या महागड्या टीव्हीच्या जवळपास निम्म्या किमतीचा होता. तोच घेतला.

पैशांचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा जुनी किंमत ऐकून घेऊ नका. आणि तुमचा टीव्ही चालू असून फक्त रंग खटकत असतील, तर आज रात्री वर सांगितलेले बदल त्याच्यावरच करून पाहा. खर्च काही नाही.

नवा घ्यायचाच असेल, तर नोव्हेंबर ते मेदरम्यान एकदा भरती ओसरताना शिवडीच्या जेट्टीवर जा, रोहित डोळे भरून बघा, आणि मग दुकानात जा.