कोण जिंकेल? : मुलांच्या काल्पनिक लढती आणि विजयाचा अर्थ

वसतिगृहात रात्रीचे दिवे मालवण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात, सहलीच्या बसमध्ये, कल्याणहून ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलच्या डब्यात शाळकरी मुलांच्या घोळक्यात एक वाद हमखास ऐकू येतो. व्हिडिओ गेममधील एखादा बलाढ्य योद्धा एका बाजूला उभा करायचा आणि कथा, कादंबरी, चित्रपट किंवा कॉमिक्समधील कोणते पात्र त्याला हरवू शकेल, ते सांगायचे. नाव सुचवणाऱ्याने आपली बाजू मांडायची, इतरांनी ती खोडायची. पालकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. आमचे मत थोडे निराळे आहे. या वादाच्या तळाशी इतिहासाच्या आणि धम्माच्या अभ्यासकाला जिव्हाळ्याचा असा एक प्रश्न दडलेला आहे : जिंकणे म्हणजे नेमके काय? त्या प्रश्नापर्यंत मुलांना कसे नेता येईल, याचा विचार या लेखात मांडत आहोत.

खेळ जुनाच, पात्रे नवी

आज चाळिशीत असलेल्या माजी विद्यार्थ्यांना हा वाद नवा वाटणार नाही. 1990च्या दशकात ठाणे, कल्याण, उल्हासनगर, डोंबिवली येथील व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणे टाकून खेळला जाणारा ‘मुस्तफा’ त्यांना आठवत असेल. त्या खेळाचे मूळ नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. कॅपकॉम या जपानी कंपनीने तो 1993 मध्ये आणला. त्यात निवडीसाठी चार पात्रे होती, त्यांपैकी मुस्तफा कैरो हा कृष्णवर्णीय तरुण. आपल्याकडील मुलांना तो इतका भावला की मूळ नाव बाजूला पडून अवघा खेळ त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. विशेष म्हणजे हा मुस्तफा जन्माने गेमचा नव्हे. तो आधी मार्क शुल्ट्झ यांच्या कॉमिक्समधील पात्र होता. म्हणजे काल्पनिक कथा आणि व्हिडिओ गेम यांच्यातील सीमा तेव्हाही पुसटच होती. त्याच काळातील कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डेही अनेकांनी जपून ठेवली असतील. उंची, वजन, जिंकलेल्या लढती यांचे आकडे पुकारायचे आणि ज्याचा आकडा मोठा, त्याने समोरच्याचे कार्ड घ्यायचे.

त्याही मागे गेल्यास महाराष्ट्राच्या लोककलेत हीच वृत्ती दिसते. कलगी-तुऱ्याच्या फडांत एक पक्ष शक्तीचे श्रेष्ठत्व गाई, दुसरा शिवाचे. सवालाला जवाब देता आला नाही तर फड हरला. आपल्या वस्त्यांत रात्र-रात्र रंगलेले कव्वालीचे मुकाबले वडीलधाऱ्यांनी ऐकलेले आहेत. कोण श्रेष्ठ, हे शब्दांनी ठरवण्याची हौस आपल्या मातीत मुरलेली आहे. मुलांनी फक्त पात्रे बदलली.

लढतीपूर्वी विचारायचे प्रश्न

असा वाद बहुधा आरडाओरड्यात संपतो, कारण त्याचे नियम ठरलेले नसतात. नियम ठरवले की तोच वाद पुराव्यानिशी विचार करण्याचा उत्तम सराव होतो.

पहिला प्रश्न, पात्राचे कोणते रूप? मुलांच्या यादीत हटकून येणारा क्रेटॉस घ्या. ‘गॉड ऑफ वॉर’ या 2005च्या खेळातील क्रेटॉस हा सूडाने पेटलेला स्पार्टाचा सेनानी आहे. 2018च्या खेळातील क्रेटॉस हा मुलाला घेऊन दूरच्या उत्तरेकडील प्रदेशात राहणारा, स्वतःच्या रागाला लगाम घालू पाहणारा बाप आहे. नाव एक, माणसे जणू दोन. इतिहासातही एखाद्या व्यक्तीविषयी बोलताना ‘कोणत्या काळातील?’ हे आधी विचारावे लागते.

दुसरा प्रश्न, पुरावा कोणता? पात्राने मूळ कथेत प्रत्यक्ष काय केले आणि चाहत्यांनी त्याच्या नावावर काय खपवले, यांत फरक करावा लागतो. ‘मित्र म्हणाला’ हा पुरावा नव्हे. केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरूने सांगितले आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, हा उपदेश तथागतांनी केसपुत्त नगरीतील कालामांना केला. तो क्रेटॉसच्या ताकदीलाही लागू पडतो!

तिसरा प्रश्न केवळ गेममधील पात्रांपुरता आहे : पात्राचे बळ किती आणि खेळणाऱ्याच्या बोटांचे किती? गेममधील नायक शंभरदा मरतो आणि बटण दाबताच पुन्हा उभा राहतो. कादंबरीतील नायकाला ही सवलत नाही. त्याचा शेवट लेखकाने एकदाच लिहिलेला असतो. मग लढतीत गेमच्या नायकाला किती जीव द्यायचे? एकच, असे ठरले की मोठमोठ्या योद्ध्यांची पंचाईत होते.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि तोच बहुधा कोणी विचारत नाही : जिंकला, असे केव्हा म्हणायचे? प्रतिस्पर्धी मेल्यावर, पळाल्यावर, शरण आल्यावर की त्याचा हेतू फसल्यावर?

आपल्या बाजूने कोण?

मुलांनी सुचवलेल्या नावांत गोकू, नारुतो, शक्तिमान, ब्लॅक पँथर यांची गर्दी असते. यांतील ब्लॅक पँथर हा 1966 मध्ये अमेरिकन कॉमिक्समध्ये अवतरला. त्याच वर्षी तेथे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारा ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला आणि त्या पक्षाच्या नावावरून 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. 2018चा चित्रपट पाहून आलेल्या मुलांना हा धागा सांगितला की त्यांच्या आवडत्या पात्राचे नाव त्यांच्याच घरच्या इतिहासाशी जोडले जाते. मात्र हा नायक जन्माने राजा आहे, हेही लक्षात आणून द्यावे. जन्मावरून मिळणाऱ्या अधिकाराकडे आपण डोळे मिटून पाहू शकत नाही.

मराठीतील नावे मात्र फार थोडी येतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सुचवला की मुले हसतात. सायकलवरचा हडकुळा पोरगा क्रेटॉसपुढे काय टिकणार? अण्णा भाऊ साठे यांचा फकिरा तर अनेकांना ठाऊकच नसतो. 1959 मध्ये प्रसिद्ध झालेली आणि बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली ही कादंबरी. तिचा नायक दुष्काळात उपाशी मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी इंग्रज सत्तेशी झुंजतो आणि शेवटी वेठीस धरलेल्या त्याच माणसांच्या सुटकेसाठी स्वतः शरण जातो. ट्रम्प कार्डाच्या हिशेबाने फकिरा हरला. त्याच्या स्वतःच्या हिशेबाने, ज्यांच्यासाठी तलवार उचलली ती माणसे वाचली. मुलांना हे सांगितले की वादाचा सूर बदलतो, कारण चौथा प्रश्न आता टाळता येत नाही.

या प्रश्नाचे सर्वांत चतुर उत्तर आम्हाला जातककथांत सापडते. महाउम्मग्ग जातकातील महोसध हा मिथिलेच्या राजाचा तरुण पंडित. राजा चूळनी ब्रह्मदत्त शंभराहून अधिक राजांना घेऊन मिथिलेला वेढा घालतो. लढून यश येत नाही, तेव्हा त्याचा वृद्ध सल्लागार केवट्ट ‘धम्मयुद्धा’चा प्रस्ताव मांडतो : दोन्हीकडील पंडितांनी समोरासमोर यावे, जो दुसऱ्याला वंदन करील तो हरला. केवट्टाचा कयास असा की, वयाने लहान महोसध आपल्याला पाहताच नमस्कार करील. महोसध एक मौल्यवान रत्न भेट म्हणून नेतो आणि ते अशा बेताने हातावर ठेवतो की ते घरंगळून त्याच्याच पायाशी पडते. लोभाने केवट्ट ते उचलायला वाकतो. महोसध त्याला तसाच दाबून धरतो आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो की, आचार्य, उठा, मी वयाने लहान आहे, मला वंदन करू नका. दुरून पाहणाऱ्यांना वाटते, केवट्ट पाया पडला. वेढा घालणारे सैन्य पळत सुटते. कथेत थोडी दांडगाई आहेच, ती लपवण्याचे कारण नाही. पण नगर वाचले ते शत्रूने घातलेला नियम शत्रूपेक्षा नीट समजून घेतल्यामुळे. क्रेटॉससमोर कोणाला पाठवायचे, असे कोणी विचारले तर आमचे मत महोसधाला. अट एकच, लढतीचा नियम आधी त्याला वाचू द्यावा.

विजयाची व्याख्या

व्हिडिओ गेमच्या जगालाही ही गोष्ट अगदीच परकी नाही. 1985च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधील छोटा मारिओ चालत्या कासवाच्या नुसत्या स्पर्शाने मरतो. तरीही अग्नी ओकणाऱ्या बाउझरला तो हरवू शकतो, कारण तो त्याच्याशी न झुंजता त्याच्या पलीकडे पोहोचतो आणि तेथील कुऱ्हाडीने पूल पाडतो. क्रेटॉसची कथा तर पश्चात्तापाचीच आहे. युद्धदेवतेच्या कपटाला बळी पडून त्याच्या हातून स्वतःची पत्नी आणि मुलगी मारली जाते. त्यांची राख त्याच्या अंगाला कायमची चिकटते. सर्वांत बलाढ्य म्हणून मुले ज्याला निवडतात, त्याच्या अंगावरील पांढरा रंग हा त्याच्या बळाची किंमत आहे.

येथे आम्हाला सम्राट अशोक आठवल्यावाचून राहत नाही. ‘सिव्हिलायझेशन’ या प्रसिद्ध खेळमालिकेच्या 2025 मधील सातव्या भागात अशोकाची दोन रूपे निवडता येतात : एक जग जिंकणारा, दुसरा जगाचा मोह सोडणारा. खेळाने दोन पर्याय म्हणून ठेवलेली ही रूपे इतिहासात एकाच माणसाच्या आयुष्यात एकामागून एक आली. कलिंगात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख देशोधडीला लागली, हे अशोकाने तेराव्या शिलालेखात स्वतःच नोंदवले. धम्माने मिळवलेला विजय हाच श्रेष्ठ विजय, असेही त्याच लेखात म्हटले. जिंकलेल्या राजाने आपल्या विजयाचा हिशेब दुःखाच्या आकड्यांत मांडावा, असे उदाहरण जगाच्या इतिहासात विरळाच. आणि हा अशोक आपल्यापासून दूर नाही. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या सोपाऱ्याला 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले. त्याच वर्षी तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. शिकारीसारख्या करमणुकीच्या राजयात्रा सोडून आपण धम्मयात्रा सुरू केल्या, असे सांगणारा तो लेख आहे.

एक मर्यादा

या खेळात आम्ही एक मर्यादा आग्रहाने पाळायला सांगतो : खऱ्या माणसांना आखाड्यात उतरवायचे नाही. मुले प्रेमापोटी बाबासाहेबांचे नाव घेतात. त्यांना रागावू नये, कारण समजावून सांगावे. काल्पनिक पात्राला आपण हवे तितके बळ देऊ शकतो; खऱ्या माणसाला असे बळ चढवले की त्याचे कष्ट पुसले जातात. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. त्यानंतर परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले. जमलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले, हत्यार चालवणे जाणणारे लोक होते, तरी बाबासाहेबांनी त्यांना प्रतिहल्ला करू दिला नाही. पुढे खटला उभा राहिला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो 17 मार्च 1937 रोजी. दहा वर्षे! तेथे पुन्हा सुरू करण्याचे बटण नव्हते, जादा जीव नव्हता, आणि विजय म्हणजे कोणाचा पाडाव नव्हता, तर तळ्याचे पाणी सर्वांसाठी खुले होणे होते.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे की, मुलगा किंवा मुलगी असा वाद घालत असेल तर तो लगेच थांबवू नये. शेजारी बसावे आणि विचारावे : कोणते रूप? पुरावा काय? जीव किती? आणि जिंकला, असे केव्हा म्हणायचे? माजी विद्यार्थ्यांनी सुटीत वसतिगृहाला भेट देताना खाऊबरोबर ‘फकिरा’ची आणि जातककथांची एकेक प्रत ग्रंथालयासाठी आणावी. मुलांच्या यादीत आज आपली नावे कमी आहेत, कारण त्या कथा त्यांच्या हाती पडलेल्या नाहीत. त्या पडल्या की क्रेटॉससमोर कोणाला उभे करायचे, हे मुले स्वतःच ठरवतील आणि त्यांची कारणे ऐकायला आपल्यालाही त्यांच्या घोळक्यात जागा मिळेल.