नांव चोरीस गेल्यावर

गेल्या आषाढांत आमच्या थोरल्या वहिनींना कर्जवसुलीचा फोन आला. त्यांचें वय बहात्तर. जन्मांत कोणाचें उसनें घेतलेलें नाहीं. कर्ज मात्र त्यांच्याच नांवावर, त्यांच्याच आधार व पॅन क्रमांकांवर निघालेलें! साऱ्या वाशिमांत अब्रू गेली असें समजून त्या माउलीनें दोन दिवस अन्न घेतलें नाहीं.

क्रमांक कोठून फुटले, तें कळलें नाहीं. झेरॉक्सच्या दुकानांत राहिलेली एक प्रतहि पुरते. वाकाटकांच्या काळीं, हें आमचें गांव वत्सगुल्म असतां, दानपत्र तांब्यावर कोरून त्यास मुद्रा लावीत. खोटा ताम्रपट करावयासहि कसबी कारागीर लागे. आतां बारा अंक बस्स होतात. शिवाय आपण कितीहि जपलें, तरी ज्यांच्या हवालीं माहिती केली त्यांच्याच घरीं चोरटे शिरल्यास काय करावें? पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेंत शिरून ऑगस्ट २०१८ मध्यें सुमारें ९४ कोटि रुपये लांबविण्यांत आले. बनावट कार्डांनीं २८ देशांतून पैसे निघाले, आपल्या कोल्हापुरांतूनहि निघाले.

पैसा गेल्याचें पासबुकांत उमटतें. आपल्या नांवावर दुसऱ्यानें काढलेलें कर्ज मात्र वर्षवर्ष उमगत नाहीं, कारण तो पैसा आपल्या खात्यांत येतच नाहीं. तें उमटतें पतअहवालांत. देशांत अशा अहवालाच्या चार कंपन्या असून मुंबईची सिबिल त्यांत सर्वांत जुनी. २०१७ पासून प्रत्येकीनें वर्षांतून एकदां पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावयाचा आहे. दर तीन महिन्यांनीं एकेकीकडून मागविल्यास वर्षभर पहारा राहतो. अनोळखी कर्ज किंवा आपण न मागितलेल्या कर्जाची चौकशी दिसल्यास कंपनीकडे व कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी; तीस दिवसांत निकाल न लागल्यास पुढें दररोज शंभर रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे. खात्यांतूनच पैसे गेले तर बँकेस व १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. आधारवरील बोटांचे ठसे कुलुपबंद करतां येतात, आणि प्रत देणें भागच पडल्यास शेवटचे चार अंक दिसणारी द्यावी.

एकत्र कुटुंबांत अडचण निराळीच असते. आमच्या घरच्या सहा खात्यांना मोबाइल क्रमांक एकच, तोहि पुण्यास असलेल्या पुतण्याचा. वहिनींच्या कर्जाचे संदेश त्याच्याकडे जात व तो जाहिराती समजून ते पुसून टाकी. त्यास बोल काय लावूं? जन्मभर वर्गांत हजेरी घेणाऱ्या मला घरच्या कागदांची हजेरी घेण्याचें सुचलें नव्हतें.

पोलिसांत व पतकंपनीकडे तक्रार दिल्यावर तें कर्ज अहवालांतून निघालें. आतां वहिनींनीं स्वतःचा मोबाइल घेतला आहे. मोतीबिंदूमुळें दिसत नाहीं, म्हणून प्रत्येक संदेश मला मोठ्यानें वाचावयास लावतात. काल रात्रीं दहा वाजतां उठविलें. विजेच्या बिलाचा निघाला.