पडद्याला वेळेची वेसण
सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देऊन मोबाईललाच विद्यादानास जुंपणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार लाभावा, आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022मध्ये सायंकाळी 7 वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाईल-दूरचित्रवाणी बंदीचा अंमल सुरू करावा, हा विरोध केवळ वरवरचा होय; प्रश्न मोबाईलचा नसून त्याच्या वेळेचा आहे. बालनेत्रातील भिंग प्रौढांहून अधिक पारदर्शक असल्याने पडद्याचा निळसर प्रकाश दृष्टिपटलावर अधिक पोहोचतो व सायंकाळी निद्रेची वर्दी देणाऱ्या मेलाटोनिनचा स्राव लांबणीवर पडतो. भोंग्याची वेळ म्हणूनच मार्मिक. जागतिक आरोग्य संघटनेने 2019मध्ये 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी पडद्यापुढे फार तर 1 तास मंजूर केला. थोरांच्या मोबाईलविषयी त्या शिफारशीत अक्षर नाही. वडगावच्या भोंग्यातून मात्र थोरांनाही माफी नाही.