मन आणि मेंदू यांचा परस्परसंबंध : अरुणा शानभाग प्रकरणाच्या संदर्भात एक तात्त्विक विवेचन

बीजसंज्ञा : मन, मेंदू, जाणीव, द्वैतवाद, तादात्म्यवाद, कार्यवाद, चार्वाक, सांख्य, मस्तिष्कस्तंभ मृत्यू

प्रस्तावना :

मन आणि मेंदू यांचा संबंध काय, हा तत्त्वज्ञानातील एक मूलभूत प्रश्न आहे. मात्र हा प्रश्न केवळ ग्रंथांपुरता व परीक्षेपुरता आहे, असा समज आपल्या महाविद्यालयीन वर्तुळातही आढळतो. वस्तुतः तो सामान्य माणसाच्या आयुष्यात अत्यंत कठीण प्रसंगी उभा राहतो. पुणे-सोलापूर महामार्ग इंदापूर तालुक्यातून जातो. अपघातात डोक्यास मार लागलेला रुग्ण इंदापूर, बारामती किंवा पुणे येथील रुग्णालयात दाखल होतो, तेव्हा अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले नातेवाईक डॉक्टरांना विचारतात, "शुद्धीवर आला का? माणूस ओळखतो का?" डॉक्टर सांगतात की, मेंदूला सूज आहे, रक्तस्राव झाला आहे, बहात्तर तास वाट पाहावी लागेल. म्हणजे प्रश्न मनाविषयी विचारला जातो आणि उत्तर मेंदूविषयी मिळते. या प्रश्नोत्तरांतील अंतर हाच तत्त्वज्ञानाचा मन-मेंदू प्रश्न होय.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाविषयीच्या प्रमुख पाश्चात्त्य व भारतीय भूमिकांचा परिचय करून देऊन, मुंबईतील अरुणा शानभाग प्रकरणाच्या आधारे त्या तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

संज्ञांचा विचार :

'मेंदू' ही शरीरातील एका अवयवाची संज्ञा आहे. त्याचे वजन करता येते, छायाचित्र घेता येते, शस्त्रक्रियाही करता येते. 'मन' या शब्दाचे तसे नाही. मराठीत मन भरून येते, मन लागत नाही, मनात येते, मनावर घेतले जाते. भावना, इच्छा, लक्ष आणि निश्चय या सर्वांसाठी आपण हा एकच शब्द वापरतो. याशिवाय शुद्ध, भान, जाणीव, चित्त हे शब्द आहेतच. समर्थ रामदासांनी 'मनाचे श्लोक' मनालाच उद्देशून रचले. ज्याला उपदेश करावयाचा ते मन आणि उपदेश करणारा 'मी' यांत काही भेद आहे, हे त्या रचनेत गृहीत धरलेले आहे.

म्हणून इंग्रजी ग्रंथांतील 'माइंड' या शब्दासाठी आपण 'मन' हा प्रतिशब्द वापरतो तेव्हा सावध राहिले पाहिजे. पाश्चात्त्य चर्चेतील 'माइंड' या संज्ञेत जाणीव अंतर्भूत असते. भारतीय दर्शनांत मात्र मन हे बहुधा एक साधन, एक अंतरिंद्रिय मानलेले आहे.

पाश्चात्त्य भूमिका :

रेने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चिंतनांत मन व शरीर ही दोन भिन्न द्रव्ये मानली. शरीर जागा व्यापते पण विचार करीत नाही. मन विचार करते पण जागा व्यापत नाही. या भूमिकेस द्वैतवाद म्हणतात. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ मध्ये देकार्तला पत्राद्वारे विचारले की, जे जागा व्यापत नाही ते शरीराला हलवते कसे? या आक्षेपाचे समाधानकारक उत्तर द्वैतवादाला आजतागायत देता आलेले नाही.

विसाव्या शतकात गिल्बर्ट राइल यांनी १९४९ मध्ये देकार्तच्या भूमिकेवर टीका करून असे प्रतिपादन केले की, मन ही शरीरात दडलेली वेगळी वस्तू नाही. मनाविषयी बोलणे म्हणजे माणसाच्या वर्तनाविषयी व वर्तनप्रवृत्तींविषयी बोलणे होय. यू. टी. प्लेस (१९५६) व जे. जे. सी. स्मार्ट (१९५९) यांनी तादात्म्यवाद मांडला. वीज म्हणजे विद्युत्भारांचा प्रवाह, त्याप्रमाणे वेदना ही मेंदूतील एक प्रक्रियाच आहे, असे त्यांचे म्हणणे. पुढे हिलरी पटनम यांनी कार्यवादाची मांडणी केली. त्यानुसार मन कशाचे बनले आहे यापेक्षा ते कोणते कार्य करते हे महत्त्वाचे ठरते.

या सर्व भूमिकांवर टॉमस नेगेल यांनी १९७४ मध्ये एक मार्मिक आक्षेप घेतला. वटवाघळाच्या मेंदूची संपूर्ण माहिती मिळाली, तरी वटवाघूळ असणे म्हणजे स्वतः त्याला कसे वाटते, हे आपणांस कळणार नाही. डेव्हिड चामर्स यांनी १९९५ मध्ये यालाच जाणिवेचा 'कठीण प्रश्न' म्हटले.

भारतीय भूमिका :

भारतीय परंपरेत चार्वाकांची भूमिका जडवादाला सर्वांत जवळची आहे. पृथ्वी, आप, तेज व वायू या चार भूतांच्या विशिष्ट संयोगातून चैतन्य उत्पन्न होते, असे ते मानतात. घटकद्रव्यांत स्वतंत्रपणे नसलेली मादकता ती आंबवल्यावर जशी प्रकट होते, तसे हे घडते, असा त्यांचा दृष्टान्त आहे. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या आपल्या परिसरात हा दृष्टान्त विद्यार्थ्यांना लगेच समजतो. उसाच्या मळीत नशा नसते. ती आंबवल्यावर मद्यार्क तयार होतो. आधुनिक परिभाषेत ही भूमिका उद्भववादाच्या जवळ जाते. तिची मर्यादाही याच दृष्टान्तात आहे. मद्यार्क हा मळीप्रमाणेच बाहेरून मोजता येणारा पदार्थ आहे. जाणीव मात्र ज्याची त्यालाच आतून प्रतीत होते.

न्याय-वैशेषिक दर्शनांनुसार मन हे अणुपरिमाण द्रव्य आहे. एकाच क्षणी अनेक ज्ञाने होत नाहीत, हे त्याच्या अस्तित्वाचे गमक मानले आहे. ज्ञान हा आत्म्याचा गुण असला, तरी मनाच्या संयोगावाचून तो प्रकट होत नाही. सांख्य दर्शन याहून वेगळी विभागणी करते. बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीची, म्हणजे जडाची, परिणती आहेत. केवळ पुरुष हा चैतन्यस्वरूप आहे. मेंदूच्या इजेने स्मृती, बुद्धी वा स्वभाव बदलतो, या वस्तुस्थितीने देकार्तचा द्वैतवाद अडचणीत येतो. सांख्यांचा तितका येत नाही, कारण त्यांच्या मते मनही जडच आहे. मात्र असा अलिप्त पुरुष एखाद्या देहाशी संबंधित आहे की नाही हे कसे ओळखावे, याची कसोटी सांख्य देत नाहीत.

अरुणा शानभाग प्रकरण :

अरुणा शानभाग या मुंबईतील परळ येथील केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातीलच एका सफाई कर्मचाऱ्याने त्यांच्यावर अत्याचार केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू खंडित झाला व मेंदूस कायमची इजा झाली. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू होईपर्यंत, सुमारे साडेएकेचाळीस वर्षे, त्या त्याच रुग्णालयात होत्या आणि परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली.

लेखिका पिंकी विराणी यांनी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल करून, अरुणाताईंना अन्न देणे थांबवावे व त्यांना शांतपणे मरू द्यावे, अशी मागणी केली. न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती नेमली. त्या मेंदूमृत नाहीत, त्यांचा श्वास आपोआप चालतो, मात्र त्यांची स्थिती दीर्घकालीन वनस्पतिवत् अवस्थेचे बहुतेक निकष पूर्ण करते, असा समितीचा अभिप्राय होता. खोलीत गर्दी झाली की त्या अस्वस्थ होत व हळुवार स्पर्श केल्यावर शांत होत, हेही नोंदवले गेले. त्यांना खाण्यापिण्यात आवडनिवड आहे, असे शुश्रूषा करणाऱ्यांचे म्हणणे होते.

७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली. त्याच निकालात, उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय दयामरणास तत्त्वतः मान्यता दिली. अरुणाताईंच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार विराणी यांचा नसून, वर्षानुवर्षे सांभाळ करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने म्हटले. आणि त्या कर्मचाऱ्यांना अरुणाताई जगाव्यात असे वाटत होते.

भूमिकांची चिकित्सा :

आता वरील भूमिका या प्रकरणास लावून पाहू. वर्तनवादी म्हणेल, गर्दीत अस्वस्थ होणे व स्पर्शाने शांत होणे हे वर्तन आहे, म्हणून तेवढ्यापुरते मन आहे. तादात्म्यवादी म्हणेल, मोठ्या मेंदूचा जेवढा भाग कार्यरत आहे, तेवढेच मन शिल्लक आहे. कार्यवादी म्हणेल, अनुभव, स्मृती आणि कृती यांना जोडणारी व्यवस्था तुटली आहे, म्हणून मन असल्याचा दावा दुबळा आहे. द्वैतवादी म्हणेल, आत्मा आहे, परंतु त्याचे साधन मोडले आहे. देह तोच, निरीक्षणेही तीच. अनुमाने मात्र चार. मेंदूविषयीची माहिती वाढवून हा मतभेद आपोआप मिटत नाही, कारण तो माहितीचा नसून 'मन' कशाला म्हणावे याचा आहे.

तथापि म्हणून मेंदूचे विज्ञान निरुपयोगी ठरते, असे मात्र नाही. एड्रियन ओवेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वनस्पतिवत् अवस्थेतील एका तरुणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. टेनिस खेळत असल्याची कल्पना करण्यास सांगितल्यावर तिच्या मेंदूत निरोगी व्यक्तींप्रमाणेच क्रिया दिसून आली. बाहेरून कोणतेही वर्तन नसताना आत जाणीव असू शकते, असे या निरीक्षणाने सूचित झाले. यामुळे केवळ वर्तनावर विसंबणारी भूमिका दुबळी ठरते. परंतु हे निरीक्षण 'मन' म्हणून वाचता आले, ते ती तरुणी सूचना समजून प्रतिसाद देत आहे असे मानता आले म्हणून. म्हणजे मेंदूच्या प्रतिमेचा अर्थ लावतानाही माणसामाणसांतील व्यवहाराचा आधार घ्यावा लागतो.

येथे दोन अवस्थांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कस्तंभाचे कार्य कायमचे व पूर्णपणे थांबणे यास मृत्यू मानले आहे. हा कायदा महाराष्ट्रात ४ फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला. त्यासाठी चार वैद्यकीय तज्ज्ञांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करणे आवश्यक असते. अशा व्यक्तीचा श्वास केवळ यंत्रावर चालतो. वनस्पतिवत् अवस्थेत मात्र मस्तिष्कस्तंभ कार्यरत असतो. श्वास चालतो, झोप व जाग यांचे चक्रही चालू असते. पहिल्या अवस्थेत मनाच्या अस्तित्वाचा आधारच संपलेला असतो. दुसऱ्या अवस्थेत तो आधार खंडित, पण काही अंशी शिल्लक असतो. आपल्या बोलण्यात मात्र 'कोमा' आणि 'ब्रेनडेड' हे शब्द सरसकट एकमेकांऐवजी वापरले जातात. परिणामी, अवयवदानाची संमती मागितली असता 'अजून छाती हलते आहे, जिवंतपणी कसे द्यायचे' असे कुटुंबास वाटते; उलट जो मृत नाही त्याची आशाही अकाली सोडली जाण्याचा धोका असतो.

निष्कर्ष :

१. उपलब्ध पुराव्यावरून मेंदू ही मनाची आवश्यक अट आहे, असे म्हणता येते. परंतु त्यावरून मन म्हणजेच मेंदू, हे तार्किकदृष्ट्या निष्पन्न होत नाही.

२. 'मन' व 'माइंड' या संज्ञा समानार्थी नाहीत. सांख्य व न्याय-वैशेषिक दर्शनांनी केलेला मन व चैतन्य यांतील भेद आधुनिक चर्चेतही उपयुक्त आहे.

३. मेंदूची तपासणी मनाच्या अस्तित्वाची शक्यता सांगते. मनाची ओळख मात्र सहवासातून व व्यवहारातून पटते. केईएमच्या परिचारिकांचे म्हणणे केवळ भावनिक म्हणून बाजूला सारता येत नाही, ते याच कारणाने. अर्थात सहवासातून आलेली समजूतही चुकू शकते, म्हणून तिला तपासणीची जोड हवी.

४. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली व २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ केली. आपण शुद्धीवर नसताना काय व्हावे, हे शुद्धीवर असताना लिहून ठेवण्याची ही सोय आहे. ते लिहिणाऱ्या प्रत्येकास 'मी कोठवर मी आहे' या प्रश्नाचे उत्तर स्वतःपुरते द्यावे लागते.

समारोप :

बारामती येथे २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कला व विज्ञान महाविद्यालये तर बारामती व इंदापूर येथे त्याआधीपासून आहेत. तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, जीवशास्त्र आणि विधी या विषयांच्या अध्यापकांनी हा प्रश्न एकत्रितपणे वर्गात मांडणे शक्य आहे. मेंदूमृत्यू व वनस्पतिवत् अवस्था यांतील भेद पदवीच्या विद्यार्थ्याला दोन तासिकांत समजावून देता येतो. पुढे कधी तो स्वतः अतिदक्षता विभागाबाहेर बसला आणि 'माणूस ओळखतो का' असे विचारण्याची वेळ त्याच्यावर आली, तर मिळालेल्या उत्तराचा अर्थ त्याला कळावा, एवढे तरी आपल्या अध्यापनातून साध्य व्हावे.