घर आपले, जागा भाटकाराची : विकायचे कसे?

मालवण किनाऱ्यावरच्या एका वाडीत आमच्या ओळखीचे एक सुतारचाचा राहतात. होडीच्या फळ्यांपासून लग्नाच्या पलंगापर्यंत सगळे काम त्यांच्या हातचे. मुलाच्या मनात आले की कारखाना कुडाळच्या बाजूला, रेल्वे आणि हमरस्ता या दोहोंच्या जवळ न्यावा. भांडवल कुठून आणायचे? तर राहते घर विकून. घर चांगले, जांभ्याच्या चिऱ्यांचे, वर मंगलोरी कौले, पुढे प्रशस्त पडवी. गिऱ्हाईक आले, घर पाहिले, विहिरीचे पाणी पिऊन पाहिले, भावही जवळजवळ ठरला. मग गिऱ्हाइकाने सातबारा मागितला. चाचांनी ट्रंकेतून ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा काढून पुढे केला. गिऱ्हाइकाने तो पाहिला, घडी घालून परत दिला आणि “पुढच्या आठवड्यात येतो” म्हणून निघून गेले.

सातबारा चाचांच्या नावावर नव्हता, वडिलांच्या नावावर नव्हता, आजोबांच्याही नव्हता. तो होता भाटकाराच्या नावावर. आजोबांनी माडबागेच्या कडेला जागा मागून घेतली, स्वतःच्या पैशाने घर बांधले आणि दरसाल ठरलेले भाडे दिले. तीन पिढ्या त्या घरात वाढल्या. घर त्यांचे, याबद्दल वाडीत कोणाला शंका नाही. पण घराखालची जमीन त्यांची नाही, हे विकायची वेळ येईपर्यंत कोणाच्या ध्यानातही नव्हते.

व्यापारी आणि कारागीर बंधूंनी हा विषय आपला नाही असे समजू नये. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत अशी घरे कितीतरी आहेत, आणि धंद्यासाठी भांडवल उभे करायचे झाले की आपल्या माणसाची नजर आधी घराकडेच जाते. परदेशातही हा प्रकार नवा नाही. अमेरिकेत ‘मोबाइल होम’ म्हणून कारखान्यात तयार झालेली घरे असतात. अशी घरे वसाहतीत आणून ठेवतात. घर मालकाचे, पण खालच्या तुकड्याचे भाडे दरमहा वसाहतवाल्याला द्यायचे. नावात ‘मोबाइल’ असले तरी बहुतेक घरे एकदा ठेवली की तिथून हलत नाहीत. विकायची झाली की पुष्कळ ठिकाणी वसाहतवाला नव्या गिऱ्हाइकाला आधी पसंत करतो, मगच व्यवहार पुरा होतो. म्हणजे आपल्या भाटकाराचेच दुसरे रूप.

आता कायद्याकडे वळू. असेसमेंटचा उतारा, म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८, हा कर आकारणीचा कागद आहे. घर कोणाच्या ताब्यात आहे आणि घरपट्टी कोण भरतो हे त्यावरून कळते, पण जमिनीची मालकी त्याने सिद्ध होत नाही. नगरपरिषदेच्या हद्दीत जिथे सिटी सर्व्हे झाला आहे तिथे मिळकत पत्रिका असते, तिची गोष्ट निराळी. केंद्र सरकारने २०२० साली स्वामित्व योजना सुरू केली, ड्रोनने मोजणी करून गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका द्यायची असा तिचा बेत. पण कोकणात घरे गावठाणात कमी आणि वाडीवाडीतून शेतजमिनीत व बागायतीत जास्त. सबब या योजनेने आपला प्रश्न सुटेल असे गृहीत धरून बसू नये.

१९४८ च्या कुळकायद्याची कलमे १६ ते १८ मात्र प्रत्येकाने वकिलाकडून नीट समजावून घ्यावीत. गावातील कुळाने स्वतःच्या किंवा पूर्वजांच्या खर्चाने जमीनमालकाच्या जागेत राहते घर बांधले असेल, तर त्याला त्या घरातून काढता येत नाही. मालक ती जागा विकायला निघाला तर आधी त्या राहणाऱ्याला विचारावे लागते. आणि हे संरक्षण फक्त कुळाला नाही, शेतमजुराला व कारागिरालाही दिलेले आहे. हे शेवटचे वाक्य आमच्या सुतार, लोहार, शिंपी बांधवांपैकी कितीजणांना ठाऊक आहे? पुढे याच कायद्यात घराखालची जागा राहणाऱ्याने खरेदी केली असे मानण्याची तरतूदही आली, आणि तिची किंमत ठरवून घेण्यासाठी महसूल दरबारी जावे लागते. ज्यांच्या आजोबांनी त्या काळात अर्ज केला त्यांचे प्रश्न मिटले. ज्यांनी “भाटकार आपलाच आहे, कशाला कागद” म्हणून सोडून दिले, त्यांची नातवंडे आज आमच्या चाचांसारखी ट्रंक धुंडाळीत बसली आहेत.

एक चूक येथे पुष्कळजण करतात. हे संरक्षण राहणाऱ्याला आहे. ते जसेच्या तसे पाच-दहा लाखांना दुसऱ्याच्या हाती देता येते असे नव्हे. कुळकायद्याखालचा हक्क कुळाला परस्पर दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. जिथे साधे भाडेपट्ट्याचे नाते आहे तिथे भाडेकरूला आपला हक्क दुसऱ्याला देता येतो, पण पट्ट्यात तशी मनाई नसेल तरच. म्हणून तुमचे नाते नेमके कोणते, हे जुन्या पावत्या, फेरफार आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यावरून आधी ठरवावे. त्या रकान्यात घराची नोंद असेल तर निम्मी लढाई जिंकली.

मग विकायचे काय? आमच्या मते तीन वाटा आहेत. पहिली, घर आहे तसे विकायचे आणि भाटकाराचे लेखी संमतीपत्र जोडायचे. भाव कमी येतो, बँक अशा घरावर कर्ज द्यायला का-कू करते, आणि गिऱ्हाईक बहुधा वाडीतलेच मिळते.

दुसरी वाट, आधी जागा आपल्या नावे करून घ्यायची आणि मग घर व जागा एकत्र विकायची. ही वाट लांबची, पण पैसा हिच्यातच आहे. भाटकाराकडे जाताना भांडणाच्या तयारीने जाऊ नये. त्याच्या दृष्टीने त्या जागेचे उत्पन्न नाममात्र भाड्यापलीकडे काही नाही, आणि तुम्हाला उठवता येत नाही हे त्यालाही माहीत असते. तेव्हा योग्य रक्कम मिळत असेल तर तो बहुधा तयार होतो. अडचण निराळीच असते. भाटकार एक नसतो. मूळ माणूस वारलेला, सातबाऱ्यावर बारा-पंधरा नावे, त्यातली निम्मी मुंबईत, दोन हयात नाहीत आणि त्यांच्या वारसांची नोंद नाही. आधी वारसांची नोंद, मग जागेची मोजणी, मग सर्वांच्या सह्यांचे खरेदीखत. एका सहिस्सेदाराने “माझा हिस्सा देतो” म्हटले म्हणून हुरळून जाऊ नये. त्याने तुम्हाला नेमका तुमच्या घराखालचाच तुकडा दिला असे होत नाही. शिवाय जमीन बिनशेती झालेली नसेल तर ती शेतकऱ्यालाच विकता येते, ही अट पुढच्या गिऱ्हाइकालाही लागू आहे. आणि जमीन कुळकायद्याने मिळालेली असेल तर विक्रीला पूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागे. २०१४ च्या दुरुस्तीपासून खरेदीला दहा वर्षे झालेली असतील तर शेतसाऱ्याच्या चाळीस पट नजराणा भरून ती विकता येते.

तिसरी वाट ऐकून काहींना हसू येईल, पण सुतारचाचांनी आधी हिचाच विचार केला होता. घर मोडून विकायचे. जमीन आपली नसली तरी वासे, तुळया, खांब, दरवाजे, चिरे, कौले आपलीच. उलट करार किंवा स्थानिक रिवाज नसेल, तर भाडेकरूला जागा सोडण्यापूर्वी आपण उभारलेले बांधकाम काढून नेता येते. जागा मात्र होती तशी करून द्यावी लागते. जुन्या सागवानाला आणि फणसाच्या लाकडाला आज मागणी आहे, हॉटेलवाले आणि शहरातले बंगलेवाले जुने खांब व दरवाजे शोधत फिरतात. पण लाकडाचा व्यापारी घर उभे असताना डोळ्याने अंदाज करून गोळाबेरीज भाव सांगतो, आणि त्यात त्याचेच भले असते. चाचांनी प्रत्येक नगाची लांबी-रुंदी स्वतः मोजून घनफूट काढले. व्यापाऱ्याने सांगितलेली रक्कम त्यांच्या हिशेबाच्या निम्मीही नव्हती. हे ज्ञान सुताराजवळ असते, शिंप्याने आपल्या घरासाठी एखाद्या सुताराला मजुरी देऊन मोजमाप करून घ्यावे. २०२१ च्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळानंतर अनेकांनी कौले काढून पत्रे घातले, त्या घरांचे वासे पाणी खाल्लेले आहेत की नाहीत हेही पाहावे लागते.

जागेइतकाच मोठा अडथळा घरातच असतो. चाचांच्या वडिलांच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. असेसमेंट थोरल्याच्या, म्हणजे चाचांच्या नावावर, म्हणून सगळे घर त्यांचेच अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. शरीयतच्या हिशेबाने कर्ज व वसियत वजा जाता पत्नीला आठवा हिस्सा, बाकी मुला-मुलींत दोनास एक. चाळीस वाटे धरले तर आईचे पाच, प्रत्येक भावाचे चौदा आणि बहिणीचे सात. म्हणजे चाळीस लाखांच्या घरात बहिणीचे सात लाख. “तिने सोडले आहे” असे चाचा म्हणाले. आम्ही विचारले, लिहून दिले आहे का? नव्हते. तोंडी सोडलेला हिस्सा नोंदणीच्या कचेरीत चालत नाही, हक्कसोडपत्र नोंदवावेच लागते. आणि खरे सांगायचे तर माहेरचे दार बंद होऊ नये म्हणून बहीण जे बोलते त्याला सोडणे म्हणत नाहीत. चाचा दोन दिवस गप्प होते. मग स्वतः रत्नागिरीला जाऊन बहिणीला हिशेब दाखवून आले. तिने पैसे घेतले, सहीही दिली.

आखातातल्या भावाची सही हवी असेल तर मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून आणावे आणि ते राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा. विकणारा परदेशस्थ असेल तर गिऱ्हाइकाला त्याच्या रकमेतून आयकर कापून भरावा लागतो, हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर ऐनवेळी वाद होतो. फक्त मुखत्यारपत्रावर घर ‘विकत घेणारे’ अजूनही भेटतात. त्याने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्वच्छ सांगितले आहे.

मोहल्ल्यात घर विकताना शुफ्याचा मुद्दा हमखास निघतो. शेजारी म्हणतो, पहिला हक्क माझा. आपल्या कोकणी मुसलमानांत शाफई मसलक अधिक, आणि त्यात हा हक्क सहहिस्सेदाराला आहे, नुसत्या शेजाऱ्याला नाही. हनफी मसलक शेजाऱ्यालाही देतो, पण जमिनीवाचून केवळ इमारत विकली तर तिथेही शुफा लागत नाही. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने केवळ शेजारपणावर आधारलेला हक्क घटनेशी विसंगत ठरवला. तरी शेजाऱ्याला आधी विचारावे असेच आम्ही म्हणू, कारण पुष्कळदा चांगला भाव तोच देतो. त्याचे अंगण तुमच्या अंगणाला लागून असते.

भावाबद्दल थोडे. तारकर्ली-देवबागला काय भाव आला हे ऐकून आपल्या घराची किंमत ठरवू नये. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, आणि प्रत्येक वेळी दलालांनी समुद्राच्या वाऱ्यालाही भाव लावला. किनाऱ्याजवळच्या घराला सीआरझेडचे नियम लागू आहेत. ते १९९१ साली आले, २०११ व २०१९ मध्ये बदलले. ग्रामीण भागात बहुतेक ठिकाणी भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंत नवे बांधकाम सहजी होत नाही, अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती त्याच आकारात करता येते. हॉटेल बांधायच्या इराद्याने आलेल्या गिऱ्हाइकाला हे न सांगता विसार घेणे म्हणजे पुढच्या दिवाणी दाव्याची तयारी करणे. जो दोष साध्या पाहणीत दिसत नाही तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे असे मालमत्ता हस्तांतरणाचा कायदाही म्हणतो. आपल्याकडे तर ऐब निघाल्यास सौदा मोडण्याचा हक्क खरेदीदाराला पूर्वीपासून आहे. उन्हाळ्यात विहीर मचूळ होते, पाणंद दुसऱ्याच्या जागेतून जाते, हे सारे गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगावे आणि करारातही लिहावे.

बयाना रोखीने घेऊ नये. २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा अधिक रक्कम रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला.

चाचांनी दुसरी वाट धरली. भाटकाराच्या मुंबईतल्या वारसांना जमवण्यात एक पावसाळा गेला. जागा नावावर झाली, सातबारा हाती आला, आणि वाडीतल्याच एका मासळीच्या व्यापाऱ्याने घर घेतले, पहिल्या गिऱ्हाइकाने सांगितलेल्या भावापेक्षा अधिक देऊन. खरेदीखतात चाचांनी एक ओळ घालून घेतली : माजघराचा फणसाचा दरवाजा विक्रीत धरलेला नाही. वीजमीटर आणि घरपट्टी नव्या मालकाच्या नावे करायचे मात्र राहून गेले होते. आम्ही आठवण केल्यावर ते दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीत गेले.